लव्हाळा नेमका कोणता? एका तळटीपेची दुरुस्ती

१/ महापुरात मोठमोठे वृक्ष उन्मळून वाहून जातात आणि लव्हाळा मात्र जागच्या जागी राहतो, ही तुकोबांची प्रतिमा मराठी माणसाला लहानपणापासून पाठ असते. पण हा लव्हाळा आपल्यापैकी किती जणांनी ओळखून पाहिला आहे? तो नेमकी कोणती वनस्पती? वाढतो कोठे? आणि इतिहासाच्या अभ्यासकाने या प्रश्नात का पडावे? आजचा हा धागा त्यासाठी. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ प्रथम एक कबुली. पदव्युत्तर वर्गातील एका निबंधात मी या अभंगाचा उल्लेख केला आणि तळटीपेत निःशंकपणे लिहिले : 'लव्हाळा, म्हणजे सायपेरस रोटंडस, नागरमोथा.' कोशात तसे सापडले होते. सुटीत नवीन जालन्याच्या घरी आजोबांना तो मजकूर वाचून दाखवला आणि शेजारच्या मोकळ्या जागेतून उपटून आणलेले रोपही समोर ठेवले. ते हसले. म्हणाले, "अगं माय, ह्यो तर कपाशीतला लव्हाळा. पुरात ह्यो दिसतो तरी का? सगळाच पाण्याखाली जातो की."

३/ आजोबांनी आयुष्य काळ्या मातीत घालवले आहे. हरळी, कुंदा आणि लव्हाळा ही मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या तीन जुन्या वैऱ्यांची नावे. त्यांचा लव्हाळा शेतातला, वीतभर ते दीड फूट उंचीचा. तुकोबांचा लव्हाळा नदीतला, वृक्षांच्या शेजारी उभा असलेला, पुराला सामोरा जाणारा. नाव एक, पण जागा दोन. माझ्या तळटीपेने या दोन जागांतला फरकच पुसून टाकला होता.

४/ म्हणून प्रश्न नव्याने मांडू. एखाद्या जुन्या ग्रंथात वनस्पतीचे नाव आले, तर कोश उघडून त्यापुढे लॅटिन नाव लिहिण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. ती वनस्पती कोणत्या गटातली, आणि ग्रंथकाराने तिला कोणत्या जागी उभे केले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाताच्या बोटांनी मिळते, दुसऱ्याचे ग्रंथ बारकाईने वाचून.

५/ आधी बोटांची परीक्षा. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नाही. गवताची काडी बहुधा गोल, आतून पोकळ आणि पेरे असलेली. लव्हाळ्याची काडी बहुधा त्रिधारी, आतून भरीव आणि फुलोऱ्यापर्यंत पेर नसलेली. काडी चिमटीत धरून फिरवली की तिन्ही कडा बोटांना लागतात. गवताची पाने काडीवर दोन रांगांत येतात, याची तीन रांगांत. गवताच्या पानाचे आवरण एका बाजूने उघडे असते, याचे नळीसारखे बंद.

६/ या गटाला वनस्पतिशास्त्रात सायपेरेसी म्हणतात. मोथ्याचे कुल म्हटले तरी चालेल. जगभरात त्याच्या साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा ओल्या जागी वाढतात. प्राचीन इजिप्तमध्ये ज्याच्या खोडापासून लेखनाचा कागद होई तो पपायरस हा आपल्या लव्हाळ्याचा सख्खा भाऊबंद. दोघांची प्रजाती एकच, सायपेरस. तमिळनाडूतील पत्तमडईच्या प्रसिद्ध चटयाही याच प्रजातीतील एका वनस्पतीच्या काड्यांच्या.

७/ त्रिधारी काडीच्या नियमाला अपवाद आहेत आणि तेच आपल्याला पुढे उपयोगी पडतील. तळ्यात, भातखाचरात वाढणाऱ्या शीनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा या जातीची काडी गोल आणि स्पंजासारखी मऊ असते. तिचा फुलोरा काडीच्या टोकाला नसून मध्येच एका अंगाने फुटल्यासारखा दिसतो, कारण त्याखालचे छदपर्ण काडीच्याच रेषेत सरळ वर जाते. एलिओकॅरिस प्रजातीत पानांची पातीच नसतात. नुसती हिरवी काडी आणि तिच्या टोकावर एकच कणिशिका.

८/ आता आजोबांचा लव्हाळा, सायपेरस रोटंडस. लिनियसने हे नाव १७५३ मध्ये छापले. ओळख अशी : काडी त्रिधारी, माथ्यावर छत्रीच्या काड्यांप्रमाणे पसरलेला फुलोरा, त्याखाली दोन-चार लांब पाने, कणिशिका चपट्या आणि तांबूस तपकिरी. खरी खूण मात्र जमिनीखाली. तारेसारख्या बारीक, चिवट धाग्यावर ओळीने ओवलेल्या काळपट गाठी. गाठ ठेचली की सुगंध येतो. कणिशिका पिवळसर असतील आणि गोडसर गाठ ओळीत नसून धाग्याच्या टोकाला एकेकटी असेल, तर तो सायपेरस एस्क्युलेंटस. स्पेनमध्ये त्याच्या गाठींचे दुधासारखे पेय करतात.

९/ त्याची जागा कोणती? ऊन भरपूर, माती ओलसर, पण पाणी सतत साचलेले नाही. शेत, बांध, पाटाची कड, विहिरीचा थारोळा, अंगण. सावली त्याला सोसत नाही. वखराने गाठींची माळ तुटली की झोपलेल्या गाठी जाग्या होतात आणि एका रोपाची अनेक रोपे होतात. जालना हे बियाण्यांचे शहर. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि शुद्ध, निवडलेल्या बियाण्याचा व्यवसाय येथून वाढला. लव्हाळ्यापुढे मात्र शुद्ध बियाण्याचे काही चालत नाही, कारण त्याचा प्रसार मुख्यतः गाठींनी होतो आणि गाठी आधीच जमिनीत असतात. १९७७ मध्ये लेरॉय होम आणि सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत वाईट तणांवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला क्रमांक याचाच होता.

१०/ पण 'तण' हा शब्द शेतीनंतरचा. शेती नव्हती तेव्हा हेच अन्न होते. इजिप्तमधील वादी कुब्बानिया येथे सुमारे १८ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत याच्या जळालेल्या गाठी सापडल्या. सुदानमधील अल खिदाय येथील प्राचीन माणसांच्या दातांवरील किटणाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून तेथे शेती येण्यापूर्वी आणि नंतरही या गाठी खाल्ल्या जात असल्याचे दिसले. ज्याला आपण शत्रू म्हणतो, त्याने आपल्या पूर्वजांना शेतीच्याही आधी पोसले आहे.

११/ आता आपल्या ग्रंथांकडे येऊ. संस्कृतात याचे मुख्य नाव मुस्ता. मराठीतला मोथा त्यातूनच आला. अमरकोशात या वनस्पतीबद्दल एक लक्षणीय गोष्ट सांगितली आहे : मेघाची जी जी नावे, ती सर्व मुस्तेची नावे. म्हणून वैद्यकाच्या ग्रंथांत घन, जलद, अंबुद, वारिद असे शब्द आले की वाचकाने आभाळाकडे न पाहता जमिनीकडे पाहायचे असते. औषधाच्या पाठात 'घन' म्हणजे ढग नव्हे, मोथा.

१२/ जागेचा पुरावा काव्यातही आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'त दुसऱ्या अंकात दुष्यंत शिकार थांबवतो, आणि आता रानडुकरांनी निर्धास्तपणे डबक्यांत मुस्ता उकरावी असे म्हणतो. कवीने येथे 'पल्वल' हा शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ उथळ पाण्याचे लहान तळे. डुक्कर गाठींसाठी चिखल उकरते, हे निरीक्षण अचूक आहे. आणि मुस्ता म्हटल्यावर कालिदासाच्या डोळ्यांसमोर शेत येत नाही, पाणथळ येते.

१३/ चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांग्राहिक, दीपनीय आणि पाचनीय द्रव्यांत मुस्ता श्रेष्ठ ठरवली आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाश एक पाऊल पुढे जातो : अनूप देशात, म्हणजे पाणथळ प्रदेशात उगवलेला मोथा चांगला, आणि त्यातही नागरमोथा उत्तम. येथे अधिवास ही नुसती माहिती नाही, ती गुणवत्तेची अट आहे. कोणते झाड, याच्या इतकेच कोठले झाड, हेही वैद्याने विचारायचे होते.

१४/ नावेही एकाहून अधिक होती. मुस्ता, भद्रमुस्ता, नागरमुस्ता, कैवर्तमुस्ता. कैवर्त म्हणजे मासेमारी करणारा, नाव वल्हवणारा. तेव्हा त्या नावातच पाणी आहे. आजच्या बाजारात नागरमोथा म्हणून जो विकला जातो आणि ज्यापासून अत्तरासाठी तेल काढतात, तो बहुधा सायपेरस स्कॅरिओसस. आणि साधा मोथा म्हणजे सायपेरस रोटंडस. युनानी वैद्यकात मोथ्याला 'सअद कूफी' म्हणतात, इराकमधल्या कूफा शहरावरून. निजामाच्या राज्यातील जालन्यात वैद्य आणि हकीम दोघेही होते. एकाच गाठीला दोन्ही परंपरांत मान होता. माझ्या तळटीपेतील दुसरी चूक ही, की मी मोथा आणि नागरमोथा एकच मानले होते.

१५/ आता पुन्हा तुकोबांच्या नदीकडे वळू. ही प्रतिमा फार जुन्या घराण्यातली आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला समुद्र आणि नद्या यांचा संवाद सांगतात. समुद्र विचारतो : तुम्ही मुळासकट मोठे वृक्ष वाहून आणता, पण वेतस कधीच का आणत नाही? गंगा उत्तर देते : तो वेग येताच वाकतो आणि वेग ओसरला की पुन्हा उभा राहतो. ग्रीकांच्या इसापनीतीत हेच काम बोरू करतो.

१६/ आता फरक पाहा. शांतिपर्वात वेतस आहे, इसापाकडे बोरू, देहूच्या तुकोबांकडे लव्हाळा. प्रत्येकाने आपापल्या नदीतली वनस्पती निवडली. तुकोबांचा काळ सतराव्या शतकाचा पूर्वार्ध, नदी इंद्रायणी. दख्खनच्या नद्या पावसावर जगणाऱ्या. उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरणाऱ्या आणि पावसाळ्यात एका रात्रीत चढणाऱ्या. खडकाळ पात्रात गाळाचे जे पट्टे साचतात, त्यांत लव्हाळ्याचे ताटवे माजतात. ज्याने नदीकाठी वर्षे काढली आहेत, त्याला ही गोष्ट ग्रंथात शोधावी लागत नाही.

१७/ लव्हाळा पुरात टिकतो कसा? त्याला फांद्या नाहीत, म्हणून पाण्याला धरायला काही सापडत नाही. काडी लवचीक, म्हणून ती प्रवाहाच्या दिशेने आडवी होते. खाली आडवी खोडे आणि मुळे यांची दाट जाळी गाळाला घट्ट धरून असते. वरची काडी मोडली तरी खालचे खोड जिवंत राहते आणि पाणी ओसरल्यावर नवी काडी येते. वृक्षाचे बळ जमिनीच्या वर असते, म्हणून त्याला पाण्याशी झुंजावे लागते, लव्हाळ्याचे जमिनीखाली. नम्रतेच्या उपदेशामागे असे पक्के निरीक्षण आहे.

१८/ मग तुकोबांचा लव्हाळा कोणत्या जातीचा? अभंगातून जात ठरत नाही आणि ठरवण्याचा हट्टही धरू नये. काठावरच्या ओल्या मातीत सायपेरस रोटंडस असेल, पाण्यात उभ्या असलेल्या उंच सायपेरसच्या जाती असतील, गोल काडीच्या शीनोप्लेक्टिएलासारख्या वनस्पतीही असतील. लोकभाषेतला 'लव्हाळा' हा शब्द एका जातीचे नाव म्हणून घडलेला नाही. पाण्याच्या कडेला सरळ काडीने उभे राहणारे, गवतासारखे पण गवत नसलेले जे काही, ते लव्हाळा. आजोबांचाही लव्हाळा खरा, तुकोबांचाही खरा. चुकीचे होते ते माझे समीकरण.

१९/ येथे कोणी विचारेल, मराठवाड्यातील लव्हाळ्यांची शास्त्रीय नोंद तरी केव्हा झाली? ही कथा इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष रोचक वाटावी. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. आजही पश्चिम महाराष्ट्राच्या वनस्पतींसाठी तो आधारग्रंथ आहे. पण जालना मुंबई इलाख्यात नव्हते, हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे कुंडलिकेचा काठ त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिला. वनस्पती सरहद्द ओळखत नाहीत, पण वनस्पतींची पुस्तके ओळखतात.

२०/ औरंगाबादच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ वि. ना. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' १९९८ मध्ये आला. म्हणजे कुक यांच्यानंतर ९० वर्षांनी. पुढे २०१५ मध्ये एम. ए. वदूदखान यांचा पश्चिम घाट, पश्चिम किनारा आणि महाराष्ट्र येथील सायपेरेसी कुलावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या सन्मानार्थ महाराष्ट्रातील एका नव्या जातीला २००९ मध्ये एलिओकॅरिस वदूदी हे नाव मिळाले. ज्याला आपण नुसते 'गवत' म्हणून ओलांडतो, त्याच्यासाठी आयुष्य वेचणारी माणसे आपल्याकडे आहेत.

२१/ आता आमच्या गावाविषयी. कुंडलिका नदी जुने जालना आणि नवीन जालना यांच्या मधून वाहते, दुधनेला मिळते, आणि ते पाणी पूर्णेतून गोदावरीत जाते. हा कोरडा, काळ्या खडकाचा प्रदेश. येथे बारमाही पाणथळ निसर्गाने क्वचितच दिले. बहुतेक माणसाने बांधले. मलिक अंबरच्या काळातील अंमलदार जमशेदखान याने मोती तलाव बांधला आणि त्याचे पाणी नळांनी शहरातील सराईच्या हौदापर्यंत आणले, अशी नोंद गॅझेटियरमध्ये मिळते. पुढे निजामाच्या काळात घाणेवाडीचा जलाशय झाला.

२२/ याचा अर्थ, अशा तलावाच्या कडेचा लव्हाळा हा इतिहासाने निर्माण केलेल्या अधिवासात उभा असतो. तलाव बांधला, उथळ कड तयार झाली, गाळ साचला, आणि त्याने जागा घेतली. कोणत्याही जुन्या तलावाच्या बांधावरून पाण्याकडे उतरत जा. वर कोरड्या उतारावर हरळी, खाली ओल लागली की गाठींचा लव्हाळा, त्याखाली चिखलात उंच त्रिधारी काड्या, आणि उथळ पाण्यात गोल काडीच्या जाती किंवा पाणकणीस. साधारण क्रम असा असतो. पाणी वर्षभर कोठवर चढते-उतरते, हे या पट्ट्यांवरून वाचता येते.

२३/ हे वाचन फार मागेही नेता येते. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवर आहे. त्याच्या तळातील गाळाचा अभ्यास करून संशोधकांनी सुमारे ११ हजार वर्षांतील पावसाचे चढउतार मांडले आहेत. तळ्यांच्या गाळातील परागकण हे अशा अभ्यासांचे एक साधन असते, आणि त्यांत सायपेरेसीचे परागकण वेगळे मोजतात. गंमत अशी की सूक्ष्मदर्शकाखालीही बहुधा कुलच ओळखू येते, जात ओळखू येत नाही. म्हणजे परागकणांचा अभ्यासकही शेवटी नोंदवहीत एका अर्थाने 'लव्हाळा' एवढेच लिहितो, आणि तेवढ्यावरून तेथे पाणथळ होते का, हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

२४/ म्हणून लव्हाळ्याचा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. तलाव किंवा नदी 'स्वच्छ' करताना काठावरची हिरवी पट्टी आधी खरवडली जाते आणि तिच्या जागी दगडी किंवा सिमेंटची भिंत येते. भिंतीला उथळ कड नसते. कड गेली की ओल्या मातीपासून पाण्यापर्यंतचा तो सगळा क्रम जातो. मागे उरतो तो शेतातला लव्हाळा, कारण त्याला कोणीच हरवू शकत नाही. मग पुढच्या पिढीला अभंग वाचताना तेवढाच ठाऊक असेल, आणि ती पिढी माझीच चूक करील. तिला दुरुस्त करणारे आजोबाही तेव्हा नसतील.

२५/ माझी दुरुस्त केलेली तळटीप अशी : 'लव्हाळा : नदी-तळ्यांच्या काठी वाढणाऱ्या सायपेरेसी कुलातील अनेक वनस्पतींचे लोकभाषेतील नाव. शेतातील तणालाही (सायपेरस रोटंडस, मोथा) हेच नाव आहे. अभंगातील संदर्भ नदीपात्रातील वनस्पतीचा. जात निश्चित करता येत नाही.' आधीच्या टीपेपेक्षा ही लांब आहे आणि कमी ठाम आहे. आजोबांना वाचून दाखवली. म्हणाले, "आता बरोबर. पण कपाशीतल्याचं काय करायचं, ते तुझ्या पुस्तकात हाय का?" त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

२६/ शेवटी एक विनंती. या पावसाळ्यात आपल्या गावच्या नदीवर, ओढ्यावर किंवा तळ्यावर गेलात तर एक काडी चिमटीत धरून फिरवून पाहा. कडा लागतात का? आतून भरीव आहे का? फुलोरा टोकाला की अंगाला? पाय कोरड्या मातीत होते, चिखलात होते की पाण्यात? आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, याला आपल्याकडे काय म्हणतात. नाव आणि जागा दोन्ही खाली लिहा. येणाऱ्या नोंदी जिल्हावार लावून पुढच्या धाग्यात मांडीन. धागा संपूर्ण.